आधी टाचणी शोधावी : रशियन कथेच्या चित्ररूपांतराविषयी

आपला प्रश्न प्रथम माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही हे उत्तर कशाचे आहे ते कळेल. दोस्तोयेव्हस्की यांच्या 'व्हाइट नाइट्स' या १८४८ सालच्या दीर्घकथेवर ४० मिनिटांचा मराठी लघुपट करावा आणि तो आजच्या मुंबईत, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घडवावा, असे आपल्या मनात आहे. या कथेवरचे दोन चित्रपट आपण पाहिले आणि दोन्ही आपल्याला खोटे वाटले. रशियन साहित्य रशियाबाहेर नेले की मरते, असे आपल्या एका मित्राचे म्हणणे आहे. म्हणून काळ आणि स्थळ बदलावे का, शेवट तोच ठेवावा का, आणि मूळ कृतीशी निष्ठा म्हणजे नेमके काय, असे आपण विचारले आहे.

मी गेली २० वर्षे पटकथा लिहितो आणि अधूनमधून कार्यशाळांमध्ये रूपांतर हा विषय शिकवतो. माझा अनुभव असा की निष्ठेचा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. पात्रे जशी वागतात तशी वागण्यावाचून त्यांना गत्यंतर का नसते, हा त्याआधीचा प्रश्न आहे. मूळ कथेत ही सक्ती लेखकाच्या समाजातून फुकट मिळालेली असते, त्यामुळे ती वाचकाच्या डोळ्यांत भरत नाही. कथा दुसऱ्या देशात नेली की ती सक्ती मागे राहते, आणि पात्रे तेच बोलत, तेच करत राहतात, पण आता त्यांना तसे करण्याचे कारण उरलेले नसते. आपल्याला जो खोटेपणा जाणवला तो बहुधा हाच असावा.

काही गोष्टी अर्थातच आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. रात्रीच्या चित्रीकरणाला किती पैसा आहे, नट किती मुरलेले आहेत, लघुपट कोणाला दाखवायचा आहे, हे मला ठाऊक नाही. पण मराठी नटांना १८४० च्या दशकातील पीटर्सबर्गचे कपडे चढवून उभे करण्याचा विचार आपण करत नसाल, असे मी धरून चालतो. तेव्हा 'बदलावे का' हा प्रश्न आपल्यापुरता मिटलाच आहे. बदलताना बरोबर काय न्यावे, एवढाच उरतो.

आता मूळ कथेकडे पाहू. एक एकाकी, स्वप्नाळू तरुण काही रात्री नास्तेन्का नावाच्या मुलीला भेटतो आणि तिच्या प्रेमात पडतो; शेवटी ती ज्याची वाट पाहत असते तो परत येतो आणि ती त्याच्याबरोबर निघून जाते. नास्तेन्का १७ वर्षांची आहे. तिची आजी आंधळी आहे, आणि नात डोळ्याआड होऊ नये म्हणून ती नातीचा झगा स्वतःच्या झग्याला टाचणीने टाचून ठेवते. घरात नवा भाडेकरू येतो, आजी तिला हिशेबाची मणीचौकट आणायला सांगते, आणि ही टाचणी विसरून अशी उठते की आजीची खुर्चीच ओढली जाते. तरुण परक्या माणसासमोर तिला मेल्याहून मेल्यासारखे होते. मी शिकवताना या टाचणीला कथेचे मध्यवर्ती यंत्र म्हणतो. ज्या मुलीला दोन हातांच्या पलीकडे जाता येत नाही, ती घरात येणाऱ्या पहिल्या तरुणाच्या प्रेमात पडते, मॉस्कोला निघालेल्या त्याच्या खोलीत कपड्यांचे गाठोडे घेऊन जाते आणि नंतर वर्षभर त्याची वाट पाहते, यात काहीच अशक्य वाटत नाही.

इतर दोघांनाही अशाच टाचण्या आहेत. स्वप्नाळू निवेदक २६ वर्षांचा आहे, पीटर्सबर्गमध्ये आठ वर्षे राहूनही त्याची कोणाशी ओळख नाही, आणि रस्त्यावरच्या घरांनाच तो मित्र मानतो. भाडेकरूकडे लग्नापुरते पैसे नाहीत. या सगळ्यावर जूनमधला तो उजेड आहे, ज्यात रात्र होते पण काळोख होत नाही. त्या उजेडामुळे एकटी मुलगी रात्री कालव्याकाठी उभी राहू शकते आणि एक भित्रा माणूस तिच्याशी बोलण्याचे धाडस करू शकतो. शीर्षकातला 'शुभ्र' हा शब्द शोभेचा नाही. तो कथेच्या शक्यतेची अट आहे.

लुकिनो व्हिस्कोंती यांनी १९५७ साली ही कथा इटलीत नेली. नववास्तववादाच्या, म्हणजे खऱ्या जागी खऱ्या माणसांना घेऊन चित्रपट करण्याच्या इटालियन चळवळीच्या, आरंभीच्या काळात खऱ्या कोळ्यांमध्ये जाऊन चित्रपट करणाऱ्या या दिग्दर्शकाने येथे मात्र लिव्होर्नो शहराचा एक भाग चिनेचित्ता स्टुडिओत उभारला, आणि धुके दाखवण्यासाठी त्यांचे छायाचित्रकार ज्युसेप्पे रोतून्नो यांनी झिरझिरीत जाळीचे पडदे वापरले. उत्तर गोलार्धाच्या टोकाकडचा तो उजेड इटलीत मिळणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी तो मागितलाच नाही. त्यांनी हिवाळा घेतला आणि शेवटच्या रात्री बर्फ पाडले, त्यामुळे रात्रीची शुभ्रता आकाशातून उतरून जमिनीवर आली. मात्र मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांनी शहरात केलेले दोन भाग. एकीकडे निऑन दिवे, पेट्रोल पंप आणि तरुण-तरुणी रॉक अँड रोलवर नाचतात ते कॅफे. कालव्यापलीकडे जुने पडके घर, जिथे मुलीच्या घरचे गालिचे दुरुस्त करून पोट भरतात. टाचणी त्या घरात आहे. नतालिया पूल ओलांडून आली की ती एका शतकातून दुसऱ्यात येते. मार्चेल्लो मास्त्रोयान्नी यांनी रंगवलेला मारियो तिला नाचायला नेतो तो प्रसंग मूळ कथेत कुठेच नाही, तरीही मला तो संपूर्ण चित्रपटातला सर्वांत दोस्तोयेव्हस्कीय प्रसंग वाटतो, कारण तेवढ्या काही मिनिटांपुरती टाचणी सुटते आणि मग दहाचे ठोके आठवून ती पळत सुटते.

रॉबेर ब्रेसाँ यांनी १९७१ साली नेमके उलट केले. त्यांचे पॅरिस खरे आहे, पूल खरा पाँ नफ आहे, आणि आजी नाही. मुलगी आईबरोबर राहते, आणि आई खोली भाड्याने देते. १९७० च्या पॅरिसमधल्या मुलीला कोणी टाचून ठेवत नाही, हे ब्रेसाँ यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. पण टाचणी काढली की तिची जागा भरावी लागते, आणि त्यांनी ती मुलीच्या स्वतःच्या इच्छेने भरली. म्हणूनच त्यांची मार्थ पहिल्याच रात्री कठड्यापलीकडे उभी राहून नदीत उडी घेण्याच्या बेतात दिसते, जे मूळ कथेत नाही. तिथे नास्तेन्का नुसती रडत असते. बाहेरचे बंधन गेले तेव्हा आतले बंधन तेवढेच घट्ट करावे लागले. रूपांतर म्हणजे हा हिशेब, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो: एका बाजूने जे काढाल, तेवढेच दुसऱ्या बाजूने घालावे लागते.

आपल्याकडे या कथेचा वंश बराच मोठा आहे. मनमोहन देसाई यांचा १९६० सालचा 'छलिया' तिच्यावर बेतलेला मानला जातो. राज कपूर आणि नूतन यांच्या त्या चित्रपटात मुलगी वाट पाहत थांबलेली नाही. ती फाळणीच्या दंगलीत लाहोरला मागे राहिलेली विवाहिता आहे, आणि ती परत आल्यावर नवरा तिला स्वीकारत नाही. टाचणी किती विलक्षण बदलली, पाहा. आजीच्या झग्याच्या जागी पावित्र्याविषयीची समाजाची शंका आली, आणि ती आल्याबरोबर रशियन कथेच्या खालून रामायण वर आले. शेवटी रावणदहनाच्या गर्दीत पती-पत्नी भेटतात आणि स्वप्नाळू बाजूला होतो. पीटर्सबर्गचा यात अंशही नाही, पण तिसऱ्या माणसाचा तो निरोप मात्र शाबूत आहे. एस. पी. जननाथन यांच्या २००३ सालच्या 'इयर्कै' या तमिळ चित्रपटात कथा बंदरावर गेली आणि परतणारा माणूस जहाजावरचा झाला. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट पाहण्याचे वेगळे कारण द्यावे लागत नाही. शिवम नायर यांच्या २००६ सालच्या 'आहिस्ता आहिस्ता'मध्ये नायक दिल्लीच्या विवाह नोंदणी कार्यालयात पैसे घेऊन अनोळखी जोडप्यांच्या लग्नाला साक्षीदार म्हणून सही करतो. हा चित्रपट सर्वत्र सारखा उतरलेला नाही, पण या एका कल्पनेसाठी मी तो पुन्हा पाहीन. दुसऱ्यांच्या सुखाचा केवळ साक्षीदार असणे हेच तर स्वप्नाळूचे दुःख आहे, आणि येथे ते त्याचा धंदाच झाले आहे.

संजय लीला भन्साळी यांचा २००७ सालचा 'सावरिया' आपण पाहिलेल्या दोनांपैकी एक असावा, असा माझा तर्क आहे. तेथे आजी आहे, तिने नातीला स्वतःशी जखडणेही आहे, परत येण्याचे वचनही ईदच्या दिवसाशी बांधलेले आहे. म्हणजे तपशिलांबाबत तो अनेकांपेक्षा अधिक निष्ठावान आहे. अडचण अशी की ते निळे-हिरवे शहर कोणत्याच देशात नाही. तिथे लोक काय म्हणतील, कोण कोणाला अडवील, मुलगी पळून गेली तर काय होईल, याचे काही नियम दिसत नाहीत. टाचणी आहे, पण ती ज्यात रुतावी ते कापडच नाही. व्हिस्कोंती यांचे शहरही स्टुडिओतलेच होते. फरक एवढाच की त्यांच्या शहरात भाडे भरावे लागते आणि थंडी वाजते. कृत्रिम नेपथ्य हा दोष नाही, हे मुद्दाम सांगतो.

हे सगळे मी शहाणपणाने सांगत असलो तरी स्वतः मी याच खड्ड्यात पडलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका निर्मात्यासाठी मी गोगोल यांचा 'ओव्हरकोट' मुंबईत आणला होता. त्या कथेत एक गरीब कारकून पै-पै साठवून नवा कोट शिवतो, तो चोरीला जातो, कारकून त्या धक्क्याने मरतो आणि त्याचे भूत होते. गोगोलच्या कारकुनाचा पगार वर्षाला ४०० रूबल आहे आणि नव्या कोटाला ८० च्या आसपास लागतात. कॉलरला उंची फर परवडत नाही म्हणून मांजराचे कातडे लावतात. हा आकडेमोडीचा भाग मला फार आवडला होता, आणि तो मी हुबेहूब उतरवला. मुंबईत कोट चालणार नाही म्हणून मी कारकुनाला एक महागडा रेनकोट दिला. पटकथा वाचून निर्माते शांतपणे म्हणाले, "हरवला तर भिजेल. मरेल कशाला?" तो चित्रपट झाला नाही, आणि ते बरेच झाले. पीटर्सबर्गच्या थंडीत कोट म्हणजे एकाच वेळी जीव आणि दर्जा. पीटर द ग्रेटने १७२२ साली लागू केलेल्या १४ पायऱ्यांच्या श्रेणीकोष्टकात तो कारकून नवव्या पायरीवर कायमचा अडकलेला आहे, आणि कोटामुळे कार्यालयातले लोक त्याला पहिल्यांदाच माणूस समजतात. मी दर्जा नेला आणि थंडी मागे ठेवली.

आल्बेर्तो लात्तुआदा यांनी १९५२ साली हीच कथा इटलीत नेली तेव्हा उत्तरेकडचे कडक हिवाळ्याचे शहर निवडले, यातच त्यांची समज दिसते. आपल्याकडे राजिंदरसिंग बेदी यांच्या 'गरम कोट' या कथेचे गोगोलशी नाते सांगितले जाते, आणि तिच्यावर १९५५ साली बलराज साहनी यांचा चित्रपट आला. बेदी यांचा कारकून एकटा नाही, त्याला बायको-मुले आहेत. म्हणून तेथे कोट घेण्यातली अडचण पैशापेक्षा प्रेमाची आहे, कारण कोटाचा विचार केला की घरातल्या इतर गरजा समोर उभ्या राहतात. गोगोलचा एकाकी माणूस पंजाबी संसारात शिरला आणि कथा भुताकडे न जाता घराकडे वळली. याला कोणी अप्रामाणिक म्हणेल. मी म्हणणार नाही.

स्वदेशात केलेले रूपांतर आपोआप प्रामाणिक असते, हा आपल्या मित्राचा समजही तपासून पाहण्यासारखा आहे. कोझिन्त्सेव्ह आणि त्राउबेर्ग यांनी १९२६ साली सोव्हिएत रशियात 'ओव्हरकोट' केला, तेव्हा युरी तिन्यानोव्ह यांच्या पटकथेने त्यात गोगोलचीच दुसरी कथा, 'नेव्हस्की प्रॉस्पेक्ट', मिसळली होती. तिन्यानोव्ह हे स्वतः मोठे साहित्याभ्यासक होते. त्यांना मूळ कळले नव्हते असे कोण म्हणेल?

काही कृतींची टाचणी सगळीकडे तयारच असते, आणि त्या कुठेही सहज रुजतात. गोगोल यांचे 'इन्स्पेक्टर जनरल' हे नाटक त्यांतले. वरून तपासनीस येणार म्हटल्यावर गावातल्या अधिकाऱ्यांची जी गाळण उडते ती समजावून सांगावी लागत नाही. पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणताना 'अंमलदार' हा एकच शब्द शोधला आणि अर्धे काम तेथेच झाले. चेतन आनंद यांचा १९५० सालचा 'अफसर' याच नाटकावरचा, आणि तो नवकेतन या चित्रपटसंस्थेचा पहिला चित्रपट. टॉल्स्टॉय यांच्या 'आना कारेनिना' या, परपुरुषावर प्रेम करणाऱ्या विवाहितेच्या कादंबरीचे मात्र तसे नाही. तिची टाचणी घटस्फोटाचा कायदा, मुलाचा ताबा आणि प्रतिष्ठित समाजाची नजर यांची मिळून बनलेली आहे. १९६० साली कैरोत फातेन हमामा आणि ओमर शरीफ यांना घेऊन ती केली गेली तेव्हा असा समाज शोधावा लागला नाही. २०१२ साली इंग्लंडमध्ये ती करताना तो शिल्लक नव्हता, म्हणून जो राइट यांनी बरीचशी कथा एका जुन्या नाट्यगृहात घडवली, जिथे प्रत्येक जण कोणाच्या तरी नजरेसमोर उभा असतो.

विचारप्रधान कृतींमध्ये प्रश्न अधिक बिकट होतो. दोस्तोयेव्हस्की यांच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीत खून करणाऱ्या रास्कोल्निकोव्हला दोन टाचण्या आहेत, दारिद्र्य आणि सिद्धान्त. असामान्य माणसाला सामान्य नियम लागू नाहीत, हा त्याचा सिद्धान्त. रमेश सैगल यांच्या १९५८ सालच्या 'फिर सुबह होगी'ने दारिद्र्य ठेवले आणि सिद्धान्त जवळजवळ सोडून दिला. त्यामुळे चोरी करायला गेलेल्या नायकाच्या हातून झटापटीत खून होतो आणि दोष व्यवस्थेकडे जातो. ब्रेसाँ यांच्या १९५९ सालच्या 'पिकपॉकेट'ने सिद्धान्त ठेवला आणि खूनच काढून टाकला. त्यांचा नायक फक्त खिसे कापतो, पण का कापतो याचे त्याचे उत्तर रास्कोल्निकोव्हचेच आहे, आणि तुरुंगाच्या गजांआडचा शेवटही त्याच कुळातला आहे. पहिला चित्रपट कथानकाच्या अधिक जवळ आहे आणि दुसरा कादंबरीच्या. तरीही पहिल्या चित्रपटातली साहिर यांची गाणी ऐकताना मला वाटते की नेहरूकालीन हिंदी चित्रपटाने त्या सिद्धान्ताच्या जागी दुसरा, सामुदायिक असा विचार खरोखरच ठेवला होता. जागा रिकामी सोडलेली नव्हती.

धार्मिक खुणांविषयी एक उदाहरण देतो, कारण विद्यार्थी येथे हमखास अडखळतात. दोस्तोयेव्हस्की यांच्या 'इडियट' या कादंबरीत मिश्किन आणि रोगोझिन गळ्यातले क्रूस बदलून एकमेकांचे भाऊ होतात, आणि रोगोझिनची म्हातारी आई मिश्किनला आशीर्वाद देते. अकिरा कुरोसावा यांनी १९५१ साली ही कादंबरी युद्धोत्तर जपानमध्ये, होक्काइडोच्या बर्फात नेली. तिथे क्रूस नव्हते. त्यांच्या नायकाला युद्धगुन्हेगार समजून गोळ्या घालण्यासाठी उभे केलेले असते आणि ऐनवेळी तो सुटतो. त्या क्षणी मुठीत धरलेला दगड तो जवळ बाळगतो, आणि दुसऱ्याच्या ताइताशी त्याची अदलाबदल करतो. दोस्तोयेव्हस्की यांना स्वतःला १८४९ साली असेच वधस्तंभासमोर उभे करून परत नेले होते. म्हणजे क्रूसाच्या जागी कुरोसावांनी बौद्ध किंवा शिंतो वस्तू नुसती बसवली नाही; लेखकाच्या आयुष्यातला मृत्यूचा क्षणच त्या दगडात ठेवला. स्टुडिओने तो सुमारे साडेचार तासांचा चित्रपट १६६ मिनिटांवर आणला, त्यामुळे आज तो जागोजागी तुटक भासतो, पण ही अदलाबदल तुटलेली नाही. पर्यायी वस्तू शोधताना 'त्यांच्याकडे क्रूस, आपल्याकडे गंडा' एवढ्यावर थांबू नये, असे मी म्हणतो ते यासाठी.

आता शेवटाविषयी. शेवट बदलण्यास माझी हरकत नाही. बदललेला शेवट आधीच्या टाचणीला उत्तर देतो का, एवढेच पाहावे. गॉर्की यांच्या 'तळागाळ' या नाटकाच्या शेवटी धर्मशाळेतले लोक गात असतात, नटाने गळफास घेतल्याची बातमी येते, आणि त्यांच्यातलाच सातिन म्हणतो की मूर्खाने गाण्याचा विचका केला. झाँ रन्वार यांनी १९३६ साली, फ्रान्समध्ये डाव्या पक्षांच्या लोकआघाडीचे सरकार आलेल्या वर्षी, या नाटकाचा चित्रपट केला, आणि त्यातला चोर व त्याची प्रेयसी शेवटी उघड्या रस्त्याने चालत निघून जातात. कुरोसावांनी १९५७ साली जुन्या जपानमधल्या, एदो काळातल्या चाळीत तेच नाटक घडवले. तिथे कोणीही कुठेही जात नाही, शेवटचे ते वाक्य एक जुगारी थेट कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो आणि लाकडी टिपऱ्यांचा एक ठोका पडून चित्रपट संपतो. रन्वारच्या माणसांसमोर रस्ता होता, कारण त्या वर्षी त्यांच्या देशाला तो दिसत होता. मला स्वतःला कुरोसावांचा शेवट अधिक पटतो, पण हा माझ्या स्वभावाचाही भाग असेल.

येथवरचे थोडक्यात असे की कोणती सक्ती आपण मागे ठेवत आहात ते आधी कागदावर लिहावे, तिच्या जागी काय येणार ते तिच्यासमोर लिहावे, आणि मगच स्थळ, वेशभूषा, शेवट यांच्याकडे वळावे. आता आपल्या मरीन ड्राइव्हकडे येतो.

आपल्याला सर्वांनी मोबाइलची भीती घातली असेल. वर्षभर ज्याचा पत्ता नाही असा प्रियकर आज कसा दाखवणार? माझ्या मते ही अडचण नसून लाभ आहे. मूळ कथा नीट वाचल्यास दिसेल की भाडेकरू हरवलेला नाही. तो तीन दिवसांपूर्वीच पीटर्सबर्गला परतला आहे, हे नास्तेन्काला ठाऊक आहे; तो आला आहे आणि तरीही तिच्याकडे येत नाही, हेच तिचे रडणे आहे. आज हे दाखवायला टपालाची गरज नाही. संदेश पोचल्याची आणि वाचल्याची खूण पडद्यावर दिसते, तो मध्यरात्री जागा असल्याचेही दिसते, आणि उत्तर येत नाही. पत्र स्वप्नाळूने पोचवण्याचा प्रसंग मात्र सांभाळावा, कारण प्रतिस्पर्ध्यासाठीचा तिचा निरोप स्वतः नेण्यात त्याचा सारा स्वभाव आहे. जेम्स ग्रे यांनी २००८ साली याच कथेच्या प्रेरणेने 'टू लव्हर्स' न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीचवर केला, तेव्हा सगळ्यांच्या खिशात फोन होते. त्यांनी दुसऱ्या पुरुषाला विवाहित केले, म्हणजे तो दूर असण्याऐवजी अर्धवट जवळ आहे. आपण तो मार्ग घ्यावा असे नाही, पण वाट आहे.

माझी खरी शंका कठड्याविषयी आहे. मरीन ड्राइव्ह रात्रीही रिकामा नसतो, आणि तिथे दोन अनोळखी माणसांनी बोलणे यात धाडस काही नाही. पीटर्सबर्गच्या उजेडाने जे धैर्य दिले ते तिथे गर्दी आधीच देऊन टाकते. शिवाय आपल्या मुलीची टाचणी कोणती, ते आपण लिहिलेले नाही. तिच्या घरी कोण आहे, ती रात्री बाहेर कशी पडते, किती वाजता परत जावे लागते आणि उशीर झाला तर काय होते, याची उत्तरे आधी मिळू द्या. कदाचित ती उत्तरेच आपल्याला वेगळ्या जागी नेतील. रुग्णालयाच्या बाहेरचा बाक, रात्रपाळी सुटण्याची जागा, शेवटची गाडी गेल्यानंतरचा फलाट, असे काहीतरी, जिथे दोघांना थांबावेच लागते.

कायद्याचे सांगून टाकतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन मुक्त होते, त्यामुळे गोगोल, दोस्तोयेव्हस्की, टॉल्स्टॉय, चेखॉव्ह आणि गॉर्कीही आता सर्वांचे आहेत. पण अनुवादाचा हक्क अनुवादकाचा असतो. एखाद्या हयात किंवा अलीकडच्या अनुवादकाची वाक्ये आपण संवादात उचलली तर परवानगी लागेल. दोन-तीन अनुवाद वाचावेत, बाजूला ठेवावेत आणि संवाद स्वतः लिहावेत.

आणि संवादांविषयीच एक गोष्ट, जी मी काही वर्षे रशियन शिकलो नसतो तर माझ्याही लक्षात आली नसती. स्वप्नाळू पहिल्यांदा आपली कहाणी सांगू लागतो तेव्हा नास्तेन्का त्याला हसून म्हणते की तुम्ही पुस्तक वाचल्यासारखे बोलता. बहुतेक चित्रपटांत तो सगळ्यांसारखाच बोलतो. ब्रेसाँ यांनी त्याला टेपरेकॉर्डर देऊन स्वतःचा आवाज ऐकायला लावले, हिंदी चित्रपटाने त्याला गाणे दिले. दोन्ही चांगल्या युक्त्या आहेत. मराठीत मात्र ग्रांथिक भाषा आणि बोली यांतले अंतर अजून कानाला कळते, तेव्हा आपला नायक छापील मराठी बोलू शकतो आणि मुलगी त्याला त्यावरून चिडवू शकते. शिवाय रशियनमध्ये समोरच्या माणसासाठी मराठीसारखीच 'तू' आणि 'तुम्ही' अशी दोन सर्वनामे आहेत. त्या रात्रींमध्ये ती दोघे बहुतांशी 'तुम्ही' म्हणूनच एकमेकांशी बोलतात, तिचे शेवटचे क्षमा मागणारे पत्रही 'तुम्ही'तच आहे. ती निघून गेल्यावर, सकाळी, रिकाम्या खोलीत तो तिला मनोमन आशीर्वाद देतो, आणि तिथे तो 'तू' म्हणतो. इंग्रजी अनुवादात हे दिसू शकत नाही. आपल्या नटाला तो एक शब्द आधीच्या ३९ मिनिटांत कुठेही उच्चारू देऊ नका.